माळढोक, माळ आणि माणूस

सोलापूर जिल्ह्याला निसर्गानं काही दिलं नाही, असं आपण सहज बोलून जातो. घनदाट जंगल नाही, आहे तो उघडा माळ. पण कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांच्या या माळावर माळढोक, काळवीट आणि लांडगा नांदले, धनगरांची मेंढरंही जगली. सरकारदरबारी मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणायची रीत.

१९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! आमचं जेऊर ज्या तालुक्यात आहे त्या करमाळ्याचा काही भाग त्यात आला. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आले आणि शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासाही आले. बहुतेक जमीन खासगी, कसणाऱ्यांची. जमिनीचे व्यवहार अडले, उद्योग अडले. ज्या पक्ष्याला राखायचं, तोच शेतकऱ्याला अडचण वाटू लागला. अखेर २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आत आणलं गेलं. तोवर पाणी आलं, ऊस आला, माळाचे तुकडे झाले. आज नान्नजलाही माळढोक क्वचितच दिसतो.

नकाशावर रेघ ओढली, पण रेघेच्या आतल्या माणसाला विचारलं नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. देशाच्या जैवविविधता धोरणाकडे पाहतानाही हाच धडा आठवतो.

१९९४ साली भारतानं जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यानुसार राष्ट्रीय आराखडा करायचा होता. २००० च्या सुमारास हे काम सुरू झालं, त्याचं संयोजन पुण्याच्या 'कल्पवृक्ष' संस्थेकडे होतं. देशभर बैठका, जनसुनावण्या, यात्रा झाल्या. सत्तरहून अधिक स्थानिक, राज्य आणि विषयवार आराखडे तयार झाले. हजारो लोक बोलले. पण केंद्र सरकारनं तो अंतिम मसुदा स्वीकारला नाही. २००५ मध्ये संस्थेनंच तो प्रसिद्ध केला. सरकारनं २००८ साली आपला वेगळा आराखडा काढला.

२००२ च्या कायद्यानं गावोगावी जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही आली. कल्पना उत्तम! पण हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा नोंदवह्या भरण्याची घाई उडाली. घाईत भरलेल्या वहीत म्हाताऱ्या मेंढपाळाची माहिती कुठून यायची?

२०२४ मध्ये भारतानं सुधारित आराखडा मांडला. त्यात तेवीस उद्दिष्टं आहेत, आणि २०३० पर्यंत तीस टक्के क्षेत्र राखण्याचा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे, स्वागतार्हही आहे. मात्र त्याचा आढावा घेताना नुसते हेक्टर मोजू नयेत. गवत कुणी राखलं, चराई कुणाची थांबली, भरपाई कुणाला मिळाली, हे आधी विचारावं. साडेआठ हजार चौरस किलोमीटर कागदावर राखूनही पक्षी वाचत नाही, हे आमच्या माळानं देशाला दाखवून दिलं आहे.