समुद्राविना नारळीभात

तांदूळ हे खाचरातले धान्य आणि नारळ हे किनाऱ्याचे फळ. ही दोन्ही जेथे शेजारी नांदली, तेथे नारळातला भात आपोआप जन्माला आला. कोकणात तो नारळीभात झाला, तमिळ प्रदेशात तेंगाय सादम झाला आणि मलाया द्वीपकल्पात नासी लेमाक झाला. मलायी भाषेत ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘लेमाक’ म्हणजे स्निग्ध. इंग्रज अभ्यासक विन्स्टेट यांनी मलायी जीवनावर लिहिलेल्या १९०९ सालच्या ग्रंथात या भाताचा उल्लेख आहे. पण लोकांच्या चुलीवर तो त्याच्या कितीतरी आधीपासून शिजत असला पाहिजे.

या भावंडांत थोरले कोण, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर नारळानेच दिले आहे. जगभरच्या नारळांच्या आनुवंशिक गुणांची तपासणी करणारे एक संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. माणसाने नारळ दोन निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे लागवडीस आणला, असे त्यातून दिसून आले. एक ठिकाण आग्नेय आशियाच्या बेटांचे; दुसरे दक्षिण भारत, श्रीलंका, लक्षद्वीप आणि मालदीव या टापूचे. तेव्हा कोकणाने आपला नारळ मलायाकडून घेतला नाही आणि मलायाने कोकणाकडून घेतला नाही. नारळात भात शिजवण्यासाठीही कोणाला कोणाकडे जाण्याचे कारण नव्हते.

दोन्ही कृती पाहिल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. मलायी गृहिणी नारळाच्या दुधात मीठ घालून भात शिजवते आणि केवड्याच्या कुळातील एका सुगंधी पानाची गाठ त्यात सोडते. सोबत मिरचीचे झणझणीत ‘सांबाल’, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. केळीच्या पानात बांधलेला हा भात तेथे सकाळच्या न्याहारीला रस्त्यावरच्या टपऱ्यांतून मिळतो, आणि त्याची खरी चव तेथेच घ्यावी. आपला नारळीभात गोड. तुपात लवंगा तडतडवून तांदूळ परतावयाचे, भात मोकळा शिजवून परातीत निववावयाचा, मग गूळ आणि ओले खोबरे घालून मंद विस्तवावर मुरवावयाचा. वर वेलदोडा, काजू आणि बेदाणे. तो रोजचा नव्हे, नारळी पौर्णिमेचा. त्याची जागा टपरीवर नसून घरच्या पानात आहे.

मूळ घरचे असले तरी शृंगार मात्र परदेशीचा आहे. नारळीभातातली लवंग अठराव्या शतकापर्यंत केवळ मोलुक्का बेटांवरच पिकत होती. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात कलिंगाच्या राजाचे वर्णन करताना द्वीपांतरातून येणाऱ्या लवंगपुष्पांच्या गंधाची आठवण केली आहे. म्हणजे इतक्या जुन्या काळापासून पूर्वेची बेटे आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसली आहेत. पुढे १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकर्क याने गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का घेतला. त्यानंतरच्या काळात युरोपीय जहाजांतून अमेरिका खंडाची पिके आशियात उतरली. मिरची आणि भुईमूग मलायी भाताच्या शेजारी जाऊन बसले. ब्राझीलचा काजू कोकणच्या डोंगरउतारांवर रुजला आणि नारळीभातात शिरला.

समुद्राने घडवलेला हा भात समुद्रापासून दूर गेला म्हणजे त्याचे काय होते, हे भिलाईत पाहावयास मिळते. भिलाईपासून सर्वांत जवळचा किनारा चारशे किलोमीटरांहून दूर आहे. मराठी माणसाचा या प्रदेशाशी संबंध मात्र नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली छत्तीसगडात आल्या आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १९५६ पर्यंत भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. २००० साली तो छत्तीसगडात आला. रशियाच्या सहकार्याने भिलाईत पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आणि प्रत्येकाने आपली चूल बरोबर आणली.

तांदळासाठी त्यांना दूर जावे लागले नाही; छत्तीसगड हे भाताचे कोठारच. नारळही परका नव्हता. येथे हरेलीच्या सणाला नारळ फेकण्याची चढाओढ लागते, आणि बस्तरमधील कोंडागाव येथे तर नारळाची लागवडही होऊ लागली आहे. उणीव होती ती समुद्राची. कोळी बांधव श्रावणी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून पुन्हा मासेमारीस निघतात. त्यांच्या लेखी हा सण उपजीविकेचा आहे. भट्टीवर पाळीने काम करणाऱ्याच्या लेखी त्या दिवशी ना होडी, ना भरती. कारण उरले नाही तर आचार किती दिवस टिकावा?

तो टिकतो, कारण अन्नाचे कारण बदलू शकते. किनाऱ्यावर नारळीभात हा सागराचा प्रसाद आहे. भिलाईच्या मराठी घरात तो मुलांना आपण कोठले हे सांगणारा घास आहे. आणि समुद्र तेथून वाटतो तितका तुटलेलाही नाही. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी कटकवरून पूर्वसागराला जाते. त्याच कटकला कार्तिकी पौर्णिमेस बालीयात्रा भरते, ती कलिंगाच्या दर्यावर्दींनी जावा-बालीकडे केलेल्या सफरींच्या स्मरणार्थ. ज्या बेटांकडची लवंग नारळीभातात पडते, त्यांची वाट अशी भिलाईच्या नदीतूनच जाते.