हाक एक, ऐकणारे अनेक

संगणक एका वेळी अनेक कामे करतो, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. पण तो कामात गुंतलेला असताना मध्येच कोणी हाक मारली, तर तो काय करतो? या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि ती योग्य ठिकाणी पोचवणाऱ्या भागाला इंटरप्ट कंट्रोलर. मराठीत त्यासाठी ‘व्यत्यय’ असा शब्द आहे खरा. पण व्यत्यय म्हटले की त्यात कुरकुर आलीच. इथे ती हवीहवीशी असते. म्हणून आपण तिला हाकच म्हणू या.

एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. गुरुजी फळ्यावर चौथीचे गणित सोडवीत आहेत. तेवढ्यात दुसरीतल्या पोराची पेन्सिल मोडते, दाराशी कुणी पालक येऊन उभे राहतात. गुरुजींनी काय करावे? दर मिनिटाला खडू खाली ठेवून खोलीभर फिरावे आणि ‘तुझं काही आहे का रे?’ असे विचारीत सुटावे? मग गणित काही सुटायचे नाही. त्यापेक्षा आपले काम करीत राहावे आणि ज्याला गरज असेल त्याने हात वर करावा, हे बरे. आरंभीचे संगणक पहिल्या रीतीने चालत. टंकयंत्राचे एक अक्षर उमटेपर्यंत हजारो बेरजा करू शकणारे यंत्र ‘झालं का, झालं का’ एवढेच विचारीत बसे.

१९५४ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने डायसीॲक नावाचा संगणक बांधला. तो चाकांच्या गाडीत बसवलेला होता, हीसुद्धा एक मौजच. बाहेरच्या यंत्राकडून इशारा आला की चालू काम थांबवून त्या कामाकडे वळण्याची सोय त्यात होती, आणि बाहेरची हाक ऐकणारा पहिला संगणक म्हणून त्याचे नाव घेतात. रीत साधी आहे. प्रोसेसर, म्हणजे संगणकातला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आपण कोणत्या ओळीवर होतो याची नोंद करतो, हाकेचे काम उरकतो आणि त्याच ओळीवर परत येतो. पोथीत खूण घालून दार उघडायला उठावे, तसे.

ही सोय सर्वांनी हसतमुखाने स्वीकारली असे मात्र नाही, बरं का. ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये एड्सगर डाइकस्ट्रा हे गणिती काम करीत. त्यांचे सहकारी लूप्स्ट्रा आणि स्कोल्टन यांनी एक्स-१ या नव्या संगणकात ही सोय घालण्याचा विचार मांडला, तेव्हा डाइकस्ट्रा चक्क घाबरले. पुढे त्यांनीच तसे सांगितले आहे. हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही. म्हणजे आज दिसलेली चूक उद्या तेच काम पुन्हा करून पाहिले तर दिसेलच असे नाही. आणि जी चूक पुन्हा दाखवता येत नाही, ती शोधायची कशी? काही महिने त्यांनी निर्णय लांबवला. अखेर सोय झाली, ती सांभाळणारा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला, आणि १९५९ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच कामावर आहे. माझ्या मते या सबंध विषयातली सर्वांत शहाणी भीती हीच. पुढे प्रोसेसर एकाचे अनेक झाले, तेव्हा ती कितीतरी पटींनी खरी ठरली.

त्याआधी साध्या कंट्रोलरची ओळख करून घेऊ. १९७० नंतरच्या दशकात इंटेल कंपनीने ८२५९ नावाची चिप काढली. तिच्यात आठ तारा येत आणि प्रोसेसरकडे एकच तार जाई. आठ जण एकदम ओरडले तरी ही चिप क्रम लावून एकेकाला पुढे सोडी. नेहमीच्या मांडणीत लहान क्रमांकाचा मान पहिला. काम झाले की प्रोसेसरने ‘झाले’ असे तिला कळवायचे. ते विसरले, तर त्या पायरीच्या आणि त्याखालच्या हाका तशाच खोळंबून राहत. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशी एक चिप होती. १९८४ च्या पीसी-एटीत दोन आल्या. दुसरी पहिलीला जोडण्यात एक तार खर्ची पडली, म्हणून सोळांऐवजी पंधरा हाकांची सोय झाली.

आता नीट पाहा. बाहेर जाणारी तार एकच. म्हणजे हाक मारायची कोणाला, हा प्रश्नच त्या चिपला कधी पडला नव्हता. शाळेत गुरुजी एकच, हाक त्यांनाच.

अनेक प्रोसेसरांचे संगणक मोठ्या संस्थांत आधीपासून होते. बरोज कंपनीच्या १९६२ च्या डी-८२५ मध्ये चार प्रोसेसरांपर्यंत सोय होती. पण टेबलावरच्या स्वस्त संगणकात दोन-चार प्रोसेसर बसवू लागल्यावर ही एकच तार आड आली. सर्व हाका पहिल्या प्रोसेसरलाच दिल्या, तर तो बिचारा दारातच उभा आणि बाकीचे निवांत. सर्वांना एकदम दिल्या, तर एका पालकासाठी चारही शिक्षक वर्ग सोडून धावायचे. त्याहून वाईट म्हणजे ‘दुसरा गेला असेल’ असे समजून कोणीच जायचे नाही. हाक हरवता कामा नये आणि एका हाकेला दोघांनी ओ देता कामा नये. हे दोन्ही एकदम साधायचे, म्हणजेच अनेक प्रोसेसरांचा इंटरप्ट कंट्रोलर.

तोड अशी निघाली, की कंट्रोलरचे काम दोन जागी वाटून द्यायचे. एक भाग दारात, दुसरा प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी. इंटेलने या जोडीला एपिक असे नाव दिले. आधी ती वेगळ्या चिपच्या रूपात आली. १९९४ साली शेजारचा भाग पेंटियम प्रोसेसरच्या पोटातच गेला. दारातल्या भागाजवळ एक तक्ता असतो. अमुक तारेवर हाक आली तर तिचा क्रमांक कोणता, ती कोणत्या प्रोसेसरकडे पाठवायची, की तूर्त दाबून ठेवायची, हे त्यात लिहिलेले. ‘या घटकेला सर्वांत हलके काम ज्याच्याकडे असेल त्याला द्या’ असेही लिहिता येई. त्या काळी हे निरोप तीन तारांवरून जात: दोन निरोपाच्या, एक ठोक्याची.

एवढ्याने भागले नाही. आता प्रोसेसरांनाही एकमेकांना हाक मारावी लागते. यंत्र सुरू होते तेव्हा एकच प्रोसेसर कामाला लागतो. बाकीचे झोपलेले असतात, आणि हाच त्यांना हाक मारून उठवतो. पण खरी कसोटी पुढेच आहे. कोणती माहिती स्मरणकोशात कोठे ठेवली आहे, याचा उतारा प्रत्येक प्रोसेसर घाईच्या कामासाठी स्वतःजवळ ठेवतो. समजा, एकाने मूळ नोंद बदलली. तलाठ्याकडे फेरफार झाला, पण तीन भावांच्या हातांत जुनाच सातबारा आहे, असा हा प्रकार. जुन्या उताऱ्यावर विसंबून कोणी नांगर घातला, तर तो दुसऱ्याच्या रानात जाणार! म्हणून नोंद बदलणारा प्रोसेसर इतरांना हाक मारतो, ‘जुने उतारे फाडून टाका’, आणि सर्वांकडून ‘फाडले’ असे कळेपर्यंत थांबतो. प्रोसेसर जितके जास्त, तितके हे थांबणे महाग. काही प्रोसेसरांत हे काम हाकेवाचून करण्याचीही सोय आहे.

तुमच्या खिशातला मोबाईल घ्या. बहुतेकांत एआरएम जातीचे अनेक प्रोसेसर असतात, आणि त्यांच्या कंट्रोलरची जुनी, पुष्कळ चाललेली मांडणी मला फार आवडते. एखादी हाक अनेकांना ऐकू जाते. जो आधी येऊन ‘कोणाची हाक?’ असे विचारील त्याला तिचा क्रमांक मिळतो. मागून आलेल्याला १०२३ हा आकडा मिळतो. त्याचा अर्थ: तुझ्यासाठी काही नाही, परत जा. भांडण नाही, घोटाळा नाही.

संगणकांत पुढे तारांचा पसाराही कमी झाला. नवी उपकरणे तार ओढण्याऐवजी ठरलेल्या पत्त्यावर एक लहानसा निरोप लिहितात. पत्त्यातच कोणत्या प्रोसेसरला हाक द्यायची ते असते. त्यामुळे जाळ्याशी जोडणारे एकच कार्ड आपल्या वेगवेगळ्या रांगांच्या हाका वेगवेगळ्या प्रोसेसरांना देऊ शकते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल तर त्यातल्या ‘प्रोक’ या कप्प्यातली ‘इंटरप्ट्स’ ही नोंद मुलांना उघडून दाखवा. प्रत्येक प्रोसेसरसाठी एक उभा रकाना आणि प्रत्येक हाकेसाठी एक आडवी ओळ दिसेल. थोडा वेळ कळफलक बडवा आणि ती नोंद पुन्हा उघडा. कोणत्या रकान्यातला आकडा वाढला ते मुलांनाच शोधू द्या. नेहमीच्या संगणकावर खालच्या बाजूला प्रोसेसरांनी एकमेकांना मारलेल्या हाकांच्या ओळी असतात. त्यांतली एक जुने उतारे फाडण्याची आहे.