नकाशात नसलेल्या देशाचा चित्रकार

इतिहासाच्या तासाला मी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा नकाशा भिंतीवर लावायचे आणि म्हणायचे, पोलंड दाखवा पाहू. मुलं शोधून दमायची. सापडणार कसा? १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो देश आपसांत वाटून संपवला होता.

त्या न दिसणाऱ्या देशातला एक चित्रकार हल्ली वाचनात आला. व्वादिस्वाव श्लेविन्स्की. (नाव घेताना माझीही जीभ अडखळते.) जन्म १८५६, रशियाच्या ताब्यातल्या भागात. घरची जमीनदारी, पण याचं लक्ष नाही. कर थकले आणि १८८८ मध्ये गडी सगळं सोडून पॅरिसला पोचला. वय बत्तीस! आपल्याकडे या वयात माणूस मुलांच्या शाळेची फी भरत असतो.

तिथे पॉल गोगँ भेटला. तोही शेअरबाजारातलं काम सुटल्यावर पूर्णवेळ चित्रांकडे वळलेला, त्यामुळे दोघांचं जमलं असावं. गोगँच्या प्रोत्साहनाने श्लेविन्स्की ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथलाच झाला. समुद्र, खडक, टेबलावरची फळं-फुलं हे त्याचे विषय. १८९१ मध्ये गोगँने त्याचं फुलांसोबतचं चित्र काढलं, ते आज टोकियोच्या संग्रहालयात आहे.

'गोगँचा शिष्य' ही चिठ्ठी मात्र त्याला कायमची चिकटली. मला ती पटत नाही. गोगँचे रंग अंगावर येतात, याचे रंग हलक्या आवाजात बोलतात. १८९७ सालचं त्याचं केस विंचरणाऱ्या बाईचं चित्र बघा. बाईचे मोकळे तांबूस केस, बस्स. मी बराच वेळ ते चित्र समोर ठेवून बसले होते.

१९०५ मध्ये तो मायदेशी परतला. पोरोनिन या डोंगराळ गावातल्या एका अनाथ मुलाचं चित्र त्याने १९०६ मध्ये काढलं, आणि पुढे वॉर्सात शिकवलंही. (म्हणजे आमच्याच जातकुळीतला!) पण मन रमलं नाही. १९१० मध्ये पुन्हा ब्रिटनी. ज्या मातीसाठी माणूस झुरतो तिथे गेल्यावर परक्या समुद्राची आठवण यावी, हे परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, ती सांगतील.

मार्च १९१८ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पोलंड पुन्हा नकाशावर आला.