लोडशेडिंग आणि घरचा सर्व्हर

जगातलं पहिलं संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकातून चालत असे. १९९० सालची अखेर, जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधनसंस्था. संगणकाच्या पेटीवर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. ज्याचं यंत्र त्याचं संकेतस्थळ, इतका सरळ हिशेब. इंटरनेटच्या मूळ रचनेत प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असे आणि जगातलं दुसरं यंत्र त्या पत्त्यावर थेट येऊन धडके.

आपल्याकडे घरात इंटरनेट आलं तेच मुळी पत्त्याविना. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला ही सेवा सर्वांना खुली केली. विद्यार्थ्यांना परवडणारं होतं ते शेल खातं. फोन लावायचा, मोडेमचा चिरका आवाज थांबला की निगमच्या संगणकावर पोचायचं आणि पडद्यावर नुसता मजकूर वाचायचा. इंटरनेटवर असायचा तो निगमचा संगणक. आपल्या घरच्या यंत्राला बाहेरून कुणी हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता.

तोवर तिकडे पत्त्यांची टंचाई दिसू लागली होती. १९८१च्या नियमानुसार पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते फार तर ४.२९ अब्ज. मे १९९४मध्ये इगेव्हांग आणि फ्रान्सिस या दोघांनी ‘नॅट’ची युक्ती मांडली आणि तिला अल्पकालीन उपाय असंच म्हटलं. पेठेतल्या वाड्यासारखी ती रचना होती: वाड्याला घरनंबर एक, आत बिऱ्हाडं दहा. आतल्या माणसाने पाठवलेल्या पत्राचं उत्तर दिंडीवरचा माणूस बरोबर त्याच्या खोलीत पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला, तर त्याला कुठल्या खोलीत न्यायचं हे आधी सांगून ठेवावं लागतं. राउटरमध्ये हे सांगून ठेवणं म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग. तो अल्पकालीन उपाय आजही घराघरांतल्या राउटरमध्ये आहे.

हे सगळं मी शिकले ते वडिलांच्या कॅसेटींसाठी. सांगलीतल्या देवळांमधली कीर्तनं त्यांनी वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केली होती. ती संगणकावर उतरवून घेतली, ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून जुन्या संगणकात लिनक्स घातलं, अपाची हा वेब सर्व्हर सुरू केला. आमच्या जोडणीवर ८० क्रमांकाचं पोर्ट बाहेरून बंद होतं, म्हणून ८०८० वापरलं. घरातून आपलाच बाहेरचा पत्ता टाकला तर पान उघडत नसे. बऱ्याच राउटरांना आतून निघून पुन्हा आत वळणं जमत नाही. त्यामुळे तपासणी मिरजेहून व्हायची. भाऊ फोन करायचा, “ताई, उघडलं गं!” आणि बरेचदा, “ताई, पुन्हा गेलं.”

जायचं ते लोडशेडिंगमुळे. महाराष्ट्रात तेव्हा रोज काही तास वीज नसे. वीज गेली की राउटर बंद, आली की कंपनीकडून राउटरला नवा पत्ता. काल मिरजेत कागदावर लिहून घेतलेले आकडे आज दुसऱ्याच कुणाच्या घराचे असायचे. घरगुती संकेतस्थळाच्या इतिहासात विजेचा हा भाग कुणी लिहीत नाही. आमच्याकडे तोच मुख्य होता.

यावरचा इलाज तयार होता. पूर्वी अमेरिकेत यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचं कार्यालय सांभाळी आणि प्रत्येक बदल त्यांना कळवावा लागे. यंत्रं वाढल्यावर ते झेपेना, म्हणून १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था रचली. एप्रिल १९९७च्या नियमाने नावापुढचा पत्ता यंत्राकरवी आपोआप बदलण्याची सोय झाली. अशी नावं फुकट देणाऱ्या सेवा निघाल्या. घरच्या यंत्रावरचा छोटासा प्रोग्रॅम नवा पत्ता मिळताच तिकडे कळवी, आणि वीज आल्यावर थोड्याच वेळात कीर्तन पुन्हा मिरजेत ऐकू येई.

वेग मात्र रडवायचा. २००४च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्यातही आमच्या जोडणीवर घराकडून बाहेर जाणारी वाट आणखी अरुंद. तिचं मूळ बेलकोअर या अमेरिकी संस्थेत आहे. तिथे १९८०च्या दशकात जोसेफ लेक्लायडर यांनी दाखवलं, की बाहेर जाणारा वेग कमी ठेवला तर फोनच्या त्याच तांब्याच्या तारेतून आत येणारा वेग पुष्कळ वाढतो. अभियांत्रिकी म्हणून ते उत्तमच होतं. पण घराने घ्यायचं, द्यायचं नाही, हे तारेतच ठरून गेलं.

खरा घाव पुढे बसला. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले आणि त्याच एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचे पत्तेही संपत आल्याने रेशनिंग सुरू झालं. एप्रिल २०१२मध्ये १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते सेवा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. आता अख्खी पेठच एका दिंडीमागे गेली, आणि ती दिंडी कंपनीच्या ताब्यात. घरच्या राउटरमध्ये काहीही लिहिलं तरी बाहेरचा माणूस आत येत नाही.

आज लोक बोगदा वापरतात: घरचं यंत्र स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी धरून ठेवतं आणि पाहुणे त्या सर्व्हरमार्गे आत येतात. सध्या माझी कीर्तनंही तशीच जातात. पण तो सर्व्हर दुसऱ्याचा असेल, तर त्याने मनात आणलं की वाट बंद. माझ्या मते खरं उत्तर आयपीव्ही६ हेच आहे. त्याचा पहिला नियम डिसेंबर १९९५चा, पत्ता १२८ बिटांचा, प्रत्येक घरातल्या प्रत्येक यंत्राला पुरून उरेल इतका. भारतात आज निम्म्याहून जास्त वापरकर्त्यांपर्यंत तो पोचला आहे. राउटरची फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला सहसा अडवते, तेव्हा हवं तेवढंच एक पोर्ट उघडावं लागतं.

राउटरच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, ‘वॅन’ (बाहेरचा पत्ता) या शब्दासमोरचा आकडा बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, तर त्या पत्त्यावर तुमचं घर बाहेरून दिसत नाही. नवी जोडणी घेताना वेग आणि दर विचारण्याआधी आयपीव्ही६ मिळेल का आणि राउटरमध्ये पोर्ट उघडता येईल का, एवढं कंपनीला नक्की विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.