समकालीन चित्रकलेतील सागरतट व पावसाळी शहरे

हवामानाच्या क्षणिक अवस्थांनाच चित्रविषय मानणाऱ्या समकालीन चित्रकारांत इंग्लंडचे कर्ट जॅक्सन (जन्म १९६१) आणि अमेरिकेचे जेरेमी मॅन (जन्म १९७९) यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतलेले जॅक्सन कॉर्नवॉलमध्ये स्थायिक झाले असून, अटलांटिकच्या कड्यांवर प्रत्यक्ष जागेवर बसून, म्हणजेच स्थलचित्रणाच्या पद्धतीने, ते मिश्रमाध्यमात समुद्र रंगवतात व त्या वेळी दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टींच्या टिपा चित्रातच हाताने लिहितात. निसर्गनिरीक्षकाची शिस्त आणि रंगांची मुक्त उधळण यांचा असा मेळ विरळाच आढळतो. कॉर्नवॉलमधीलच सेंट जस्ट येथे जॅक्सन यांचे कलादालन आहे.

मॅन यांची ख्याती सॅन फ्रान्सिस्कोच्या ओल्या रस्त्यांच्या चित्रांमुळे झाली. फलकावर तैलरंगाचा थर देऊन तो ओला असतानाच रोलरने दाबणे, रबरी पट्टीने ओढणे आणि द्रावकाने, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसणे, अशी त्यांची कार्यपद्धती असल्यामुळे पुसण्याच्या क्रियेलाच रेखाटनाचे मोल येते. वाहनांच्या दिव्यांची डांबरावर उतरलेली लांबट प्रतिबिंबे, धूसर होत गेलेल्या इमारती आणि वर ताणलेल्या विजेच्या तारा त्यांच्या चित्रांत ठळकपणे जाणवतात.