जुन्या गिटार ॲम्पची हुबेहूब प्रतिकृती: फेंडर ५ई३ डिलक्स बनवताना

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प म्हणजे नुसता आवाज मोठा करणारा डबा नाही. आवाज कधी आणि कसा फाटायचा हेही तोच ठरवतो. म्हणून तर साठ-सत्तर वर्षं जुन्या ॲम्पच्या प्रती लोक आजही घरी बसून बनवतात. त्यातली सर्वात लोकप्रिय प्रत म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा 'ट्वीड डिलक्स'. त्याचं ५ई३ हे सर्किट १९५५ ते १९६० या काळातलं. साधारण १२ ते १५ वॅट, १२ इंची एकच स्पीकर, पाइन लाकडाचं मागून उघडं खोकं आणि वर पिवळसर ट्वीड कापड. नील यंग यांचा प्रसिद्ध फाटका आवाज १९५९ च्या अशाच डिलक्समधून येतो.

सर्किट डायग्राम सहज मिळतो, भाग मोजकेच आहेत. मग अडचण कुठे आहे? सोर्स कोड हातात आला म्हणून प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर तसाच चालेल याची खात्री नसते ना, तसंच इथे आहे. डायग्राममध्ये जे लिहिलेलं नसतं, तेच जास्त त्रास देतं.

आत एकूण पाच व्हॉल्व्ह आहेत (आजोबांच्या रेडिओत असायचे तसलेच). सुरुवातीला १२एवाय७, पुढे १२एएक्स७, शेवटी ६व्ही६जीटीची जोडी आणि एसीचा डीसी करायला ५वाय३जीटी. बरेच जण पहिल्या जागीही १२एएक्स७ लावतात, कारण तो सहज मिळतो. पण १२एवाय७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४ च्या आसपास आहे आणि १२एएक्स७ चा १००. ॲम्प वाजेल, पण फार लवकर फाटेल. मग तो ५ई३ राहत नाही.

खरा खेळ व्होल्टेजचा

आवाजातला सगळ्यात मोठा वाटा ५वाय३ चा आहे असं माझं मत. १२५ मिलीअँपिअर करंटला हा व्हॉल्व्ह स्वतःच जवळपास ५० व्होल्ट खातो. तारा जोरात छेडल्या की करंट वाढतो, व्होल्टेज खाली बसतं, आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलतो. याला 'सॅग' म्हणतात. त्या जागी सिलिकॉन डायोड लावले तर व्होल्टेज वाढतं, सॅग कमी होतो आणि आवाज ताठ होतो.

माझ्या पहिल्या ॲम्पचा आवाज असाच ताठ होता. मी तीनदा कपॅसिटर बदलले, महागातले आणले, फरक शून्य. शेवटी मल्टिमीटर लावला तर प्लेटवर अपेक्षेपेक्षा जवळपास ४० व्होल्ट जास्त! ५वाय३ या नावाने आज विकल्या जाणाऱ्या काही व्हॉल्व्हमध्ये ड्रॉप मूळच्यापेक्षा कमी असतो. जुन्या स्टॉकमधला ५वाय३ लावला आणि प्रश्न मिटला.

दुसरा मुद्दा खास आपल्याकडचा. बाहेरून मागवलेला ट्रान्सफॉर्मर बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. मध्ये २३० चं १२० करणारा स्टेप-डाऊन लावला की झालं, असं वाटतं. पण त्याने फ्रिक्वेन्सी बदलत नाही, ती ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे कोअरमधला फ्लक्स ६०/५० म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. ट्रान्सफॉर्मर काठावर डिझाइन केलेला असेल तर गुणगुणतो, तापतो, कधी जळतोही. ५० हर्ट्झला चालणारी, २३० किंवा २४० व्होल्टची प्रायमरी असलेलाच घ्या, नाहीतर चांगल्या कारागिराकडून वाइंड करून घ्या.

नेमके भाग न मिळाल्याने काय होतं याचं इतिहासातलं उदाहरण मजेशीर आहे. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर बेसमनचं ५एफ६-ए सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं गेलं. पण ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ब्रिटिश, पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३, आणि पुढे पॉवर व्हॉल्व्हही केटी६६. नक्कल फसली आणि त्यातून जेटीएम४५ नावाचा वेगळाच ॲम्प जन्माला आला.

कपलिंग कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत. त्यामुळे पूर्ण व्हॉल्यूमला बेस पसरट होतो. हा दोष आहे, पण ५ई३ चा स्वभावही तोच. तसंच, ज्या चॅनेलला गिटार जोडलेली नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो. तुमचं वायरिंग चुकलेलं नाही.

इथे नक्कल करू नका

त्या काळच्या ॲम्पना दोन पिनी वायर असायची आणि मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आपल्या २३० व्होल्टवर त्यातून सुमारे साडेतीन मिलीअँपिअर करंट वाहतो, म्हणजे झिणझिण्या. तो शॉर्ट झाला तर पूर्ण फेज चॅसीवर, तिथून गिटारच्या तारांवर आणि तुमच्या बोटांत. त्याचं नावच 'डेथ कॅप' पडलंय. तो लावूच नका. तीन पिनी प्लग, चॅसीला पक्कं अर्थिंग आणि फेजमध्ये फ्यूज हवाच.

मूळ बोर्ड व्हल्कनाइज्ड फायबरचा. तो ओल धरतो आणि हळूहळू करंट गळू देतो. कोकणातल्या पावसाळ्यात काय होईल ते सांगायला नको. ग्लास-इपॉक्सी बोर्ड वापरा, आवाजात काही हरवत नाही.

फिल्टर कपॅसिटर १६ मायक्रोफॅरडचे तीन आहेत. प्लग काढल्यावरही त्यांत साडेतीनशे व्होल्ट राहू शकतात आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. २२० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर कायमचा समांतर जोडला तर मिनिटभरात चार्ज जवळजवळ शून्यावर येतो. तरीही हात घालण्याआधी मल्टिमीटरने तपासा.

पहिल्यांदा चालू करताना

इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज लॅम्प घ्या, ६० ते १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब, एलईडी नाही. व्हॉल्व्ह न लावता ॲम्प चालू करा. बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सगळं ठीक असेल तर स्पीकर जोडून व्हॉल्व्ह लावा. स्पीकरशिवाय चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

बल्ब काढल्यावर पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडवरच्या २५० ओहम रेझिस्टरवर व्होल्टेज मोजा. समजा १९ व्होल्ट आले. १९ भागिले २५० म्हणजे ७६ मिलीअँपिअर, एका ६व्ही६ ला ३८. त्यातले तीनेक स्क्रीनचे, उरले ३५. प्लेटवर ३५० व्होल्ट असतील तर कॅथोडचे १९ वजा करून ३३१. गुणाकार साडेअकरा वॅटच्या जरा वर जातो आणि ६व्ही६जीटीची मर्यादा १२ वॅटची आहे. मूळ ॲम्पही असाच काठावर चालायचा. आकडा १३-१४ च्या पुढे दिसला तर गिटार बाजूला ठेवा आणि आधी ५वाय३ तपासा.