किब्ला मोजणारी माणसे

एखादा नवा शोध लागला की आपल्यातले कुणीतरी लगेच म्हणते, हे तर कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे. मॉरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरांच्या १९७६ सालच्या पुस्तकानंतर या बोलण्याला जोर चढला. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हाला ते मुलांच्या तोंडूनही ऐकू येते. सगळे आधीच सांगून झाले असेल, तर आपल्या पूर्वजांनी रात्र-रात्र जागून आकाश कशासाठी मोजले?

किब्ल्याचेच घ्या. हिजरी सन २ मध्ये मदिनेत हुकूम आला की तोंड मस्जिदे हरामकडे करा. कोणत्या गावाहून ती दिशा किती अंशांवर येते, हे आयतीत नाही. ते माणसाने शोधायचे होते. सुरुवातीला लोकांनी अंदाजावर भागवले; कॉर्डोबाच्या जामे मशिदीचा किब्ला आजच्या हिशेबाने बराच दक्षिणेकडे सरकलेला आहे. (आपणही सरसकट ‘पश्चिम’ म्हणतो, मुंबईहून किब्ला पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेला आहे.)

अल-बिरूनींचे अंदाजावर समाधान होईना. १०२५ साली पूर्ण केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात गझनीचा किब्ला काढण्यासाठी त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवले. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्याही काढली.

दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे मुवक्कित, म्हणजे नमाजांच्या वेळा ठरवणारे होते. चाकरी मशिदीची, काम गणिताचे! १३७१ च्या सुमारास त्यांनी तिथल्या मिनारावर संगमरवरी छायाघडी बसवली. टॉलेमीच्या गणितानुसार चंद्र कधीकधी जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा; तसा तो दिसत नाही. इब्न अल-शातिर यांचा आक्षेप होता तो हा, आयतीच्या आधारावरचा नव्हे. त्यांनी चंद्रगतीची जी नवी रचना मांडली, गणिताच्या दृष्टीने तीच १५४३ च्या कोपर्निकसच्या ग्रंथात भेटते.

सगळे गोडच होते असे आम्ही म्हणणार नाही. इस्तंबूलची तकीउद्दीन यांची वेधशाळा १५८० मध्ये सुलतान तिसरा मुराद याच्या हुकमाने पाडली गेली. उभारून जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याच शहरात मशिदींना लागून असलेले मुवक्कितखाने मात्र विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले.